चांगल्या आवाजाचे पैसे कोण देतं?

पुणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गुरुजींच्या गाण्याच्या बैठकींच्या टेप तुझ्या हाती लागल्या, त्या अजून वाजतात आणि तू त्या लोकांपुढे आणायचं ठरवलं आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. मिरजेत हे काम तुझ्याशिवाय कुणी हातात घेतलं नसतं. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीहून कितीतरी बारीक नोंदीच्या, फाइल करायच्या, एमपीथ्रीच्या तिप्पट दर लावायचा आणि 'असा आवाज ऐकला की लोक विकत घेणारच', हा तुझा हिशेब मात्र मला पटत नाही. आवाज जितका चांगला करता येईल तितका कर. पण विक्री त्याच्या भरवशावर धरू नकोस.

तू म्हणतोस तो प्रयोग मोठमोठ्यांनी करून झाला आहे. १९९९ साल बघ. सोनी आणि फिलिप्सनं त्या वर्षी सुपर ऑडिओ सीडी बाजारात आणली, पाठोपाठ २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली. कागदावर दोन्ही साध्या सीडीच्या कितीतरी पुढे. आणि त्याच १९९९ मध्ये इंटरनेटवर गाणी फुकट वाटून घ्यायचं नॅप्स्टर सुरू झालं. तिथं पोरं एकमेकांना १२८ केबीपीएसची (सेकंदाला किती माहिती, त्याचं हे माप) एमपीथ्री वाटत होती, म्हणजे सीडीवरच्या माहितीचा जेमतेम अकरावा हिस्सा. त्याच गिऱ्हाइकापुढे एकाच वेळी दोन्ही वाटा होत्या, आणि झुंबड कुठं उडाली ते आपण पाहिलं. नॅप्स्टरचं दुकान कोर्टानं २००१ मध्ये बंद पाडलं, तरी लोक सुपर ऑडिओ सीडीकडे वळले नाहीत.

फुकट मिळत होतं म्हणून तसं झालं, असं तू म्हणशील. मग २००३ चं काय? ॲपलनं आयट्यून्सचं दुकान उघडलं तेव्हा गाणं ९९ सेंटना होतं, आवाज १२८ केबीपीएसचाच होता आणि वर फाइलला कुलूप होतं, म्हणजे ती कुठंही वाजवता येत नव्हती. तरी पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी खपली. शोधलं की सापडत होतं, अख्खा अल्बम न घेता एकच गाणं घेता येत होतं, आणि फाइल भलतीच निघेल ही धास्ती नव्हती. लोकांनी पैसे मोजले ते ह्या सोयीला.

२००७ मध्ये ईएमआय कंपनीनं आपली गाणी २५६ केबीपीएसमध्ये, १.२९ डॉलरला द्यायला सुरुवात केली, तो दाखला तुझ्या बाजूचा म्हणून देता येईल. पण त्याच गाण्यांचं कुलूपही तेव्हाच काढलं होतं. जास्तीचे तीस सेंट देणाऱ्यानं आवाजासाठी दिले की फाइल कुठंही वाजवता यावी म्हणून, हे त्या विक्रीवरून ठरवता येत नाही. माझा कौल कुलपाच्या बाजूनं आहे. पुढे २००९ मध्ये आयट्यून्सनं सगळ्याच गाण्यांचं कुलूप काढलं, आवाज २५६ चा केला, आणि चांगल्या आवाजाचा वेगळा दर राहिलाच नाही.

सगळ्यात जीव तोडून प्रयत्न केला तो नील यंग ह्या रॉक गायकानं. एमपीथ्रीनं संगीताची हानी केली असं तो वर्षानुवर्षं सांगत होता. २०१४ मध्ये त्यानं पोनो नावाचा प्लेअर काढला, लोकांकडून आगाऊ साठ लाख डॉलरवर रक्कम जमली. म्हणजे आवाजासाठी पैसे देणारी माणसं आहेत, हे मी नाकारत नाही. पण ती तेवढीच होती. दोन-तीन वर्षांत दुकानही मिटलं आणि प्लेअरही. शेवटी २०२१ मध्ये ॲपल आणि ॲमेझॉननं सीडीच्या तोडीचा आणि त्याहून वरचा आवाज नेहमीच्या वर्गणीतच देऊन टाकला. ॲपलची वर्गणी तेव्हा आपल्याकडे महिना ९९ रुपये होती. आता तू एका बैठकीला तिप्पट दर कशाच्या जोरावर मागणार?

आपल्याकडचाही दाखला आहे. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. कुलूप नाही, दर किरकोळ, तरी ते २०१३ च्या जूनमध्ये बंद झालं. चोरीची गाणी आणि दहा-पंधरा रुपये ऑनलाइन भरायची सोय नसणं, ही कारणं तेव्हा पुढं आली. आवाजाबद्दल तक्रार नव्हतीच. सहा-आठ रुपयांसाठी कार्डाचा नंबर टाकत कोण बसणार? ती अडचण २०१६ नंतर यूपीआयनं मिटवली, म्हणून तुझ्या कामाला आज तेव्हापेक्षा जास्त आशा आहे असं मला मनापासून वाटतं. फक्त ती आशा किलोहर्ट्झमध्ये शोधू नकोस.

आता कानाचं बोलू. २००७ मध्ये मेयर आणि मोरान ह्या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी छापली. सुपर ऑडिओ सीडीचा आवाज एकदा थेट आणि एकदा साध्या सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमधून काढून ऐकवला, कोणता कोणता ते न सांगता. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवूनही एवढंच आलं असतं. आणि तुझ्या टेप तर घरगुती स्पूल मशीनवरच्या. त्यांवरचा सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत मोठा आवाज ह्यांतलं अंतर फार तर साठ-पासष्ट डेसिबल असेल, १६ बिटमध्ये ९६ मावतात. जपून ठेवायची मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला कर, संग्रहालयंही तेच करतात आणि पुढं कधी दुरुस्ती करायची झाली तर ती जागा लागते. ऐकणाऱ्याला त्याहून जास्त देऊन त्याच्या फोनची जागा तेवढी जाईल. त्यातून निम्मे लोक ब्लूटूथवर ऐकणार, म्हणजे वाटेत आवाज पुन्हा दाबला जाणार.

पण म्हणून आवाजाला किंमत नाही असं मी मुळीच म्हणत नाही, आणि इथं तुझ्या कानाची खरी गरज आहे. कमी केबीपीएसच्या एमपीथ्रीत आपल्या संगीताचं जे होतं ते मला सहन होत नाही. तंबोऱ्याच्या जवारीतली वरची झणझण जाते, उरतं ते पाण्याखालून आल्यासारखं. तबल्याच्या किनारीवरचा 'ना' टोकदार येत नाही, त्याच्या आधीच बारीक 'फस्स' ऐकू येतं. २५६-३२० केबीपीएसच्या पुढं हे दोष बहुतेकांना जाणवत नाहीत.

त्याहून मोठी नासाडी फाइल बनायच्या आधीच होते. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नव्या आवृत्त्या ऐकतोस ना? खरखर काढायच्या नादात तंबोराच पुसलेला असतो. सॉफ्टवेअरला खरखरीचा नमुना म्हणून सुरुवातीची शांत जागा दाखवतात, तिथं तंबोरा लागलेला असला की त्याचा सलग नादच ते खरखर समजतं आणि बैठकभर काढत राहतं. गायक पोकळीत बसल्यासारखा वाटतो. तू टेपची खरखर ठेव. कान ती चार मिनिटांत विसरतो, गेलेला तंबोरा मात्र परत येत नाही.

दुसरं, टेपचा वेग. मशीन सहा टक्के जलद चाललं तर सूर अर्ध्या स्वरानं चढतो. गुरुजी पेटीच्या काळी एक पट्टीत गायचे. ते अर्धा स्वर वर, पांढरी दोनमध्ये ऐकू आले तर आवाज पातळ होतो, ताना उगाच चपळ वाटतात, आणि त्यांना कधी समोर न ऐकलेला पोरगा तेच खरं धरून चालतो. १९२ किलोहर्ट्झमध्ये केलेली चूक १९२ किलोहर्ट्झचीच चूक राहते. तेव्हा आधी मशीनच्या हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन नीट लाव, प्रत्येक टेपचा सूर पेटीवर तपास, आणि मग बाकीचं.

आणि लोक विकत कशासाठी घेतील? मी कशासाठी घेईन ते सांगतो. फुकट मिळणाऱ्या बैठकींवर काय लिहिलेलं असतं? रागाचं नाव, तेही कधी कधी चुकीचं. साथीला कोण, साल कोणतं, बैठक कुणाच्या घरी, बंदिश कुणाची, काही नाही. तुझ्याकडे हे सगळं आहे. तबल्यावर कोण होतं, गुरुजींनी त्या रात्री तो जोडराग का घेतला, मध्ये बोलले ते कुणाला, हे लिही. बंदिशींचे शब्द दे. अशा बैठकीला मी आनंदानं पैसे देईन, आणि माझ्यासारखे कोल्हापुरात, धारवाडात, दादरला, न्यू जर्सीतही आहेत.

दर मात्र एकच ठेव. बँडकॅम्प ह्या गाणी विकायच्या संकेतस्थळावर एकदा पैसे दिले की तीच बैठक एमपीथ्रीत घ्या नाहीतर आवाजातलं काही न गाळणाऱ्या फ्लॅक फाइलमध्ये, दर बदलत नाही, आणि मनात असेल तर ठरल्यापेक्षा जास्त द्यायची मुभा असते. डिजिटल विक्रीतले साधारण पंधरा टक्के ते ठेवतात. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान ह्यांनी २००३ मध्ये अंडरस्कोर रेकॉर्ड्स सुरू केलं तेही कलावंताचा माल कलावंताच्याच हाती राहावा म्हणून. पैसे कुणाकडे जाणार हे कळलं की आपला रसिक हात आखडता घेत नाही. म्हणून पहिल्याच पानावर लिही, की रक्कम गुरुजींच्या घरी आणि साथीदारांच्या घरी जाणार आहे. त्यासाठी त्यांच्या मुलीची लेखी संमती घेच, तबलजींच्या घरच्यांचीही. तोंडी 'हो' वर थांबू नकोस.

सगळ्या टेप एकदम काढायच्या भानगडीत पडू नकोस. सुरुवात त्या पावसाळ्यातल्या मल्हाराच्या बैठकीनं कर. आधी तिची पहिली वीस मिनिटं काही न पुसता मला पाठव, सोबत एमपीथ्रीही. सूर काळी एकचा आहे की नाही ते इथं तपासून कळवतो. पेटीवर कोण होतं तेवढं आठवून लिही, मला दोन नावांत घोळ वाटतोय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत