चि. मनूस, जांबियानीच्या किनाऱ्यावरून

जांबियानी, झांझिबार
फेब्रुवारी, गुरुवार सकाळ

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण रोज बोलतोय, पण "जेवलीस का, गोळी घेतलीस का" याच्या पुढे गाडी गेलीच नाही. मलेरियाची गोळी न चुकता घेतेय. आज दिवसभर काही कार्यक्रम नाही, समोर समुद्र आहे आणि इथल्या स्वयंपाकघरातल्या मुलीने आपल्या वहीतले कागद फाडून दिलेत. म्हणून पत्र.

या टांझानियाच्या सहलीसाठी दोघींची नावं आपण एकाच दिवशी नोंदवली होती. नैरोबीमार्गे जायचं म्हणून पिवळ्या तापाची लसही एकाच रांगेत उभं राहून घेतली. ऐन वेळी तुझी रजा रद्द झाली तेव्हा मीही जात नाही म्हणून बसले होते, तूच मला ढकललंस. तेव्हा जे पाहिलं त्यातला निम्मा वाटा तुझा आहे. तो आज पोचता करते.

आम्ही सहाजण. नागपूरच्या दोन बहिणी, ठाण्याचं एक जोडपं, प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे एक सर आणि मी. एकच लँड क्रूझर, वर उचलता येणारं छत, प्रत्येकाला आपापली खिडकी. अनोळखी माणसांत मी अवघडेन असं तू म्हणत होतीस. पहिल्या दिवशी अवघडलेच. दुसऱ्या दिवशी तारांगिरेच्या जंगलातल्या धुळीने सगळ्यांचे चेहरे एका रंगाचे झाले, नागपूरच्या धाकटीने चिवड्याचा डबा उघडला आणि परकेपण तिथेच संपलं.

तारांगिरेत मला सगळ्यात जास्त बोलली ती झाडं. गोरखचिंच! आपल्याकडे कुठे एखादी असते, जुन्या मठाजवळ नाहीतर किल्ल्याच्या वाटेवर, आणि लोक तिला पुराणपुरुष मानतात. ती मूळची इथली, आफ्रिकेची. इथे ती माळावर शेकड्यांनी उभी आहे. खोडाला हत्तींनी ओरबाडलेल्या जखमा दिसतात; आतल्या ओलाव्यासाठी ते साल सोलतात. अशा एका जुन्या झाडाखाली आम्ही डबे खाल्ले. तुझं ते गडद निळं जाकीट मात्र बॅगेतच राहिलं. निळ्या आणि काळ्या रंगावर त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या तुटून पडतात, त्यामुळे खाकी नाहीतर मातकट कपडेच बरे. पुढे कधी निघालीस तर हे लक्षात ठेव.

आमचा गाइड पस्तिशीचा, अरुशाचा. त्याच्या स्वाहिली भाषेत तो गाडीला 'गारी' म्हणतो, पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका', विम्याला 'बीमा', आंब्याला 'एंबे'. जेवणात 'कचुंबारी' आणि 'चपाती' आली तेव्हा ठाण्याच्या काकूंना वाटलं आपल्यासाठी मुद्दाम केलंय. नाही गं, हे इथलंच रोजचं जेवण. शेकडो वर्षं गलबतं इकडून तिकडे जात राहिली, त्यांतून शब्द इथे उतरले आणि राहिले. झेब्र्याला ते 'पुंडामिलिया' म्हणतात, पट्ट्यांचं गाढव. हे ऐकलं आणि तुझ्या लेकाची आठवण आली. त्याला सांग.

न्गोरोंगोरोबद्दल थोडक्यात लिहिते, कारण फोटो पाठवलेत. पूर्वीचा एक प्रचंड ज्वालामुखी आत कोसळून ही कढई झाली. कड्यावरून सुमारे 600 मीटर खाली उतरायचं, तळ जवळजवळ 260 चौरस किलोमीटरचा. दोन काळे गेंडे दिसले, दुर्बिणीतूनच. जिराफ एकही नाही, त्यांना तो उतार झेपत नाही आणि खाली त्यांच्या उंचीची बाभळही फारशी नाही, असं सरांनी सांगितलं. पण कड्यावर गुरं हाकणारा एक मसाई मुलगा भेटला, तो मनात राहिला. शेजारच्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात मसाईंना राहता येत नाही. 1959 साली सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो वेगळे केले तेव्हा त्यांना तिकडून इकडे आणलं. 'सेरेंगेटी' हा शब्दच मुळी त्यांच्या भाषेतला, अंत नसलेलं माळरान. मला तिकीट काढून तिथे जाता येतं आणि ज्याच्या आजोबाने तिथे गुरं राखली त्याला तिथे घर नाही, हे मला पटलेलं नाही. वाटेत ओल्डुपाईच्या घळीपाशीही थांबलो, आदिमानवाचे अवशेष सापडले ती. ते समोर बसून सांगेन, कागदावर मावणार नाही.

आता न्डुटू. मनू, तिथे तू हवी होतीस.

सेरेंगेटीच्या दक्षिणेला आखूड गवताचं सपाट माळ आहे. तिथे झाडच नाही, क्षितिजापर्यंत. ज्वालामुखीच्या राखेची माती, खाली दगडासारखा थर, त्यामुळे मुळं खोल जात नाहीत. पण त्या राखेमुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, दुधासाठी आईला नेमकं तेच लागतं. म्हणून दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, गुरांसारखी दिसणारी मोठी हरणं, पावसाच्या मागोमाग इथे येतात आणि बहुतेक सगळ्या माद्या दोन-तीन आठवड्यांत वितात. सर म्हणाले, एका वेळी इतकी पिल्लं जन्मली की सिंह आणि तरस किती खाणार, त्यातली पुष्कळशी वाचतात. मला ते हिशेब म्हणून पटलं. डोळ्यांना मात्र त्या हजारांत प्रत्येक आई वेगळी दिसत होती.

एक मादी आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर व्याली. गाइडने इंजिन बंद केलं. पिल्लू जमिनीवर पडलं तेव्हा मी घड्याळ बघितलं. चार वेळा पडलं, मागचे पाय फाकले, तोंडावर आपटलं. सहाव्या मिनिटाला उभं राहिलं. आई चाटत होती आणि मान वर करून चहूकडे बघतही होती. पाव तास झाला असेल, पिल्लू तिच्या बाजूने धावायला लागलं. गाडीत कोणी बोलत नव्हतं. ठाण्याचे काका डोळे पुसत होते. तुला चालायला तेरा महिने लागले होते.

आणि दुसऱ्या दिवशी ते एकटं पिल्लू आलं.

कळप पुढे सरकला होता. मागे पिवळट रंगाचं एक पिल्लू, दोन-तीन दिवसांचं असेल, ओरडत फिरत होतं. एका मादीकडे गेलं, तिने हुंगलं आणि डोक्याने ढकलून दिलं. दुसरीनेही तेच. विल्डबीस्टची आई वासावरून आपलं पिल्लू ओळखते, दुसऱ्याचं घेत नाही. मग त्याने आमची गाडी पाहिली. मोठी, हलणारी वस्तू. सरळ धावत आलं आणि चाकाला नाक लावून उभं राहिलं.

मी वाकून बघत होते. दोन हातांवर होतं गं. नागपूरची थोरली म्हणाली, आत घेऊ या, कळपापाशी सोडू या. गाइडने मान हलवली. त्याची आई कुठे आहे हे आपल्याला माहीत नाही, ती मागे शोधत येत असेल तर आपण त्याला तिच्यापासून आणखी लांब नेऊ, असं तो म्हणाला. आणि आता गाडी सुरू केली तर ते आपल्यामागे धावत येईल, दमून पडेल. म्हणून थांबायचं. तेवढ्यात त्याच्या वायरलेसवर निरोप आला की पलीकडे झाडावर बिबट्या दिसलाय. आजूबाजूच्या गाड्या वळल्या. गाइडने आमच्याकडे बघितलं. सहाही जणांनी "थांबू या" म्हटलं, कुणाला समजवावं लागलं नाही. बिबट्यासाठीच आलेलं ते ठाण्याचं जोडपंसुद्धा. चाळीस माणसांची बस असती तर हे झालं नसतं, हे मी खात्रीने सांगते. लहान गटाचं मोल मला तिथे कळलं.

पाऊण तास उन्हात, इंजिन बंद. पिल्लू गाडीच्या सावलीत उभं. मग पश्चिमेकडून दुसरी लांबच लांब रांग आली, माद्या आणि पिल्लं. त्याने कान टवकारले, ओरडलं आणि त्या रांगेत घुसलं. धुळीत मिसळून गेलं. त्याला आई सापडली का, हे आम्हाला दिसलं नाही. त्या रात्री तंबूत तरसांचे आवाज येत होते आणि मला झोप लागली नाही.

दोन दिवसांनी धावपट्टीवरून छोट्या विमानाने झांझिबारला आलो. (पंधरा किलोची मऊ बॅगच चालते, कडक सूटकेस घेत नाहीत. तुझं ऐकलं ते बरं झालं.) समुद्र आपल्याकडे आहेच, शेवटचे दिवस तिथे कशाला घालवायचे, असा वाद मी तुझ्याशी घातला होता. वादात तू बरोबर होतीस. ते पिल्लू डोक्यात घेऊन मी थेट नाशिकला उतरले असते तर कुणाला काही सांगूच शकले नसते.

आधी स्टोन टाउन, म्हणजे झांझिबारचं जुनं शहर. पितळी खिळे मारलेले कोरीव दरवाजे, अरुंद गल्ल्या, लवंगेचा वास. कितीतरी दरवाजे गुजराती व्यापाऱ्यांच्या घरांचे. हस्तिदंत आणि माणसं आणायला जे तांडे आत जात, त्यांना कर्जाऊ पैसा पुरवणाऱ्यांत आपल्या देशातले सावकारही होते, हे दरवाज्यांचे फोटो काढताना विसरता येत नाही. 1873 साली इथला गुलामांचा बाजार बंद झाला आणि त्या जागी चर्च बांधलं. अंगणात एका खड्ड्यात पाच माणसांचे पुतळे उभे आहेत, गळ्यात खऱ्या साखळ्या.

आता नीट वाच. तुला शाळेत सोडायला मी रोज शरणपूर रोडने लूनावरून जायचे. मागे बसून तू माझा पदर मुठीत घट्ट धरायचीस. त्या रस्त्याच्या नावामागे काय आहे, हे मी फार उशिरा वाचलं. इंग्रजांच्या आरमाराने गुलामांची गलबतं पकडली की त्यांतल्या मुलांना मुंबईत उतरवत. त्यांतली बरीच मुलं नाशिकजवळ शरणपूरला मिशनमध्ये ठेवली. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम, लिहायला-वाचायला शिकली. याच भूमीतून ओढून नेलेली मुलं, मनू, आपल्या गोदावरीकाठी वाढली. 1865 साली आफ्रिका पालथी घालणारे मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आले तेव्हा त्यांनी यांच्यातल्या नऊ मुलांना आफ्रिकेच्या प्रवासासाठी बरोबर घेतलं. पुढे त्यांच्या मदतीला जी माणसं गेली त्यांत जेकब वेनराइट होता, तोही नाशिकचाच विद्यार्थी. 1873 मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचं हृदय एका झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि त्या झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली. मग सोबत्यांनी त्यांचा देह महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत, या बेटासमोरच्या बागामोयोपर्यंत, आणला. जेकब पुढे लंडनपर्यंत गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेत 18 एप्रिल 1874 रोजी त्यांना मूठमाती दिली, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता.

झांझिबारच्या त्या चर्चमध्ये एक साधा लाकडी क्रूस आहे. तो त्याच झाडाच्या लाकडाचा. ज्या झाडावर नाशिकला गिरवून शिकलेल्या हाताने अक्षरं कोरली, त्या झाडाचा. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. गटातले बाकीचे बाहेर गेले होते. मला चाकाला नाक लावून उभं राहिलेलं ते पिल्लू आठवत होतं, आणि पदर धरणारी तुझी मूठ.

जांबियानीला येऊन दोन दिवस झाले. इथे ओहोटीला समुद्र अर्धा-एक किलोमीटर आत जातो आणि वाळूत खुंटांच्या रांगा उघड्या पडतात. बायका येतात, दोऱ्यांना समुद्री शेवाळाच्या जुड्या बांधतात. इथे त्याला 'म्वानी' म्हणतात. वाळवून परदेशी जातं, टूथपेस्ट आणि आइस्क्रीम दाट करायला वापरतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या कामाने इथल्या बायकांच्या हाती स्वतःचा पैसा आला. पण पाणी तापायला लागलंय आणि जास्त भाव मिळणारी जात मरते आहे, असं त्या सांगतात. काल एकीने मला गाठ मारायला शिकवली. तिची मुलगी, सहा-सात वर्षांची, मला बघून म्हणाली "शिकामू". मोठ्या माणसाला करायचा हा नमस्कार. "मरहबा" म्हणायचं, तेवढं मला येतं. मग ती हसून आईच्या लेंग्याआड गेली.

शनिवारी पहाटे मुंबईला उतरेन. घ्यायला येऊ नकोस, रात्रीची गाडी चालवू नकोस. लवंगा आणल्यात, अर्ध्या तुझ्या. आणि पुढच्या फेब्रुवारीसाठी रजेचा अर्ज आत्ताच टाक, लेकालाही घे. मी दोघांना शरणपूरचं चर्च आधी दाखवीन, मग इथलं.

ओहोटी लागली. कालची बाई लांबून हात करतेय, माझी दोरी अर्धी राहिली आहे. जाते.

तुझी,
आई