बाबा, हे विद्यापीठ कसं वाढलं ते सांगते

मॅडिसन, विस्कॉन्सिन
21 सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

पोळ्याचे फोटो मिळाले. सर्जाच्या शिंगांचं बेगड फार छान दिसलं. पण यंदा तो वाळलेला वाटला. सरकीची ढेप कमी पडते का?

बाबा, मागच्या रविवारी माझ्या इथल्या विद्यापीठाबद्दल तुम्ही विचारलंत, "सरकारी हाय म्हंतं, मंग येवढं मोठं कसं झालं?" आणि फोन कटला. आठ दिवस तो प्रश्न माझ्या डोक्यात आहे, म्हणून निवांत बसून लिहिते. आईला वाचून दाखवा आणि मोठीआईला नक्की बोलवा, यात तिच्या गोळीची गोष्ट आहे.

अमेरिकेतलं हे विस्कॉन्सिन राज्य झालं 1848 साली आणि त्याच वर्षी विद्यापीठाचा कायदा झाला. फेब्रुवारी 1849 मध्ये पहिला वर्ग भरला तो दुसऱ्यांच्या इमारतीत, 17 मुलांचा. आज इथे पन्नास हजारांच्या घरात विद्यार्थी आहेत. सुरुवातीची वर्षं मात्र ओढाताणीची गेली. विद्यापीठासाठी मिळालेली जमीन राज्याने स्वस्तात विकून टाकली होती, त्यामुळे हाती फार काही उरलं नव्हतं. मग 1862 मध्ये, यादवी युद्ध चालू असतानाच, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या एकेका खासदारामागे 30,000 एकर सरकारी जमीन द्यायची आणि तिच्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज चालवायचं. विस्कॉन्सिनला 2,40,000 एकर मिळाले. 1866 पासून हे विद्यापीठ त्या योजनेत आलं. टेकडीवरच्या मुख्य इमारतीसमोर लिंकन यांचा पुतळा आहे, मी रोज त्याच्यावरूनच जाते.

पण ही जमीन रिकामी नव्हती, बाबा. या तळ्यांच्या काठी इथले मूळ रहिवासी, हो-चंक लोक, राहत होते. 1832 च्या तहात त्यांच्याकडून हा मुलूख सोडवून घेतला, मग बळाने पुन्हा पुन्हा हाकललं. तसं सांगणारा फलक 2019 मध्ये विद्यापीठाने याच टेकडीवर लावला. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आपल्या पलीकडचा कोलाम पोड, ती आदिवासींची वस्ती, आठवला. हे लिहिल्याशिवाय पुढची गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही.

आता तुमच्या कामाचं सांगते. तेव्हा इथला शेतकरी गव्हाच्या मागे होता, जसे आपण पऱ्हाटीच्या, कापसाच्या. वर्षानुवर्षं गहू, गहू आणि गहूच. जमीन दमली, किडी आल्या, उतारा घसरला. 1880 मध्ये विल्यम हेन्री नावाचे शेतीचे प्राध्यापक इथे आले. ते आणि त्यांचे सोबती शेतकऱ्याला गव्हातून बाहेर काढून गाईंकडे नेण्याच्या मागे लागले. 1885 पासून गावोगाव सभा सुरू झाल्या आणि विद्यापीठात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी हिवाळी वर्ग ठरले. हिवाळ्यातच का? तर तेव्हा वावर बर्फाखाली असतं आणि मुलगा घरून सुटू शकतो. शेतकऱ्याची सवड पाहून वेळापत्रक केलं होतं.

दुधाची एक अडचण होती. तेव्हा दुधाचा भाव वजनावर मिळायचा. पाणी घालणाऱ्याला आणि साय काढून घेणाऱ्यालाही तोच भाव, मग खरं दूध घालणाऱ्याने काय करायचं? स्टीफन बॅबकॉक या रसायनाच्या प्राध्यापकांनी 1890 मध्ये त्यावर उपाय काढला. मोजक्या दुधात गंधकाचं आम्ल घालायचं, म्हणजे स्निग्धांश सोडून बाकी सगळं विरघळतं. मग बाटली गरगर फिरवायची, स्निग्धांश वर मानेत येतो, तिथल्या खुणांवर आकडा वाचायचा. बाबा, ही तुमची फॅट! आपल्या संकलन केंद्रावर मी लहान असताना काचेच्या नळ्या फिरवायचं यंत्र होतं, आठवतं? ती पद्धत स्वित्झर्लंडच्या गेर्बर यांची, पण आम्ल आणि फिरवणं तेच. बॅबकॉक यांनी आपल्या शोधाचं पेटंट घेतलं नाही. ज्याला वापरायचं त्याने वापरावं, म्हणून मोकळं सोडलं. त्यांच्या नावाची इमारत इथे आहे, तिथे अजून दूध आणि आइस्क्रीम तयार होतं. त्या दारातून पहिल्यांदा आत गेले तेव्हा पहाटे चार वाजता कॅन सायकलला अडकवून निघालेले तुम्ही मला दिसलात.

आता मोठीआईची गोष्ट. फेब्रुवारी 1933, बाहेर बर्फाचं वादळ. जवळजवळ तीनशे किलोमीटरवरून एक शेतकरी गाडीत मेलेली कालवड, सडलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त घेऊन मॅडिसनला आला. त्याच्या गाई आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत होत्या आणि कॅनमधलं ते रक्त गोठतच नव्हतं. शनिवार होता, कचेरी बंद. फिरत फिरत तो कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक यांनी त्याला एवढंच सांगितलं की तो चारा घालू नको, त्यापुढचा उपाय त्यांच्याजवळ नव्हता. पण ते रक्त त्यांनी ठेवून घेतलं. बुरशी लागलेल्या त्या चाऱ्यात रक्त गोठू न देणारं काय आहे, हे शोधायला त्यांच्या माणसांना सहा वर्षं लागली. त्यातूनच पुढे 1948 मध्ये वॉर्फरिन आलं, आधी उंदीर मारायला, आणि 1954 पासून माणसांचं औषध म्हणून. विद्यापीठाच्या शोधांचं उत्पन्न पुन्हा संशोधनात घालणारी एक संस्था 1925 पासून इथे आहे, वॉर्फरिन या नावातला 'वॉर्फ' तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा.

मोठीआई, नागपूरला हृदयाची झडप बदलल्यापासून तू रोज संध्याकाळी घेतेस ती गोळी हीच. पालक-मेथी एक दिवस खूप आणि एक दिवस काहीच नाही, असं करू नको म्हणून डॉक्टर सांगतात ते याच गोळीपायी. दर महिन्याची रक्ततपासणी चुकवू नकोस.

1903 ते 1918 चार्ल्स व्हॅन हाइस इथले अध्यक्ष होते. या विद्यापीठाचा उपयोग राज्यातल्या प्रत्येक घराला होईपर्यंत मला समाधान नाही, असं ते म्हणत. मोठं कसं झालं याचं मला सापडलेलं उत्तर हेच आहे, बाबा. तो शेतकरी बंद दार पाहून परत गेला असता तर नुकसान विद्यापीठाचं झालं असतं.

आणि हे आपल्याला परकं नाही. याच जमीन-योजनेच्या नमुन्यावर 1960 मध्ये पंतनगरला भारतातलं पहिलं कृषी विद्यापीठ उभं राहिलं. विदर्भाला आपलं हवं म्हणून अकोल्यात आंदोलन पेटलं, आणि 20 ऑक्टोबर 1969 ला पीकेव्ही, म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ, झालं. पापळ गावच्या पंजाबराव देशमुखांचं नाव त्याला दिलं. दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री राहिलेला माणूस, पण 1965 मध्येच गेले, विद्यापीठ पाहायला राहिले नाहीत. मी तिथे चार वर्षं शिकले आणि तुम्ही एकदाच आलात, पदवीदानाला, नवं धोतर नेसून. वावर पाहायला वेळच झाला नाही, याची मला अजून खंत आहे.

म्हणून एक मागणं आहे. स्थापना दिनाच्या सुमारास तिथे शिवार फेरी असते, उभं पीक दाखवतात, शास्त्रज्ञ बांधावर उभे असतात. दारव्ह्याहून कारंजा, मूर्तिजापूर करत एसटीने जा. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. धुऱ्याकडच्या ओळींतली दहा-बारा बोंडं तोडून न्या, किडकी आणि चांगली दोन्ही, वेगवेगळ्या पिशव्यांत. न फुटता काळी पडलेलीही घ्या. पेरणीची तारीख आणि फवारण्या आईच्या वहीत आहेत, ते पान सोबत ठेवा. बोंड त्यांच्यासमोर फोडा आणि आत गुलाबी अळी आहे का की दुसरं काही, ते विचारा. नीट उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.

काकांनाही घेऊन जा. सर्जासाठी ढेपेचे पैसे वेगळे पाठवले आहेत.

तुमची,
ताई