सगळे सहाच लिहितात

बाय,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय, एवढं टाइप करायला मला तासभर लागणार आणि चष्मा बाबांनी कुठे ठेवलाय देव जाणे. चवथीला सगळ्यांसमोर बोलले ते चुकलंच माझं. काकी, वहिनी सगळ्या गणपतीवरच्या माटोळीखाली बसलेल्या आणि मी तुला शाळेतल्या पोरीसारखं झापलं. म्हापशाला गाडीत बसेपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस, नेवऱ्यांचा डबा पण तसाच राहिला.

तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसले होते. पण तू हसत हसत सांगितलंस ना, "लेव्हलच्या कागदावर आमच्याकडे सगळे सहाच लिहितात", ते डोक्यातून जातच नाही बघ. रक्तात औषध किती आहे ते बघायला रक्त पाठवायचं आणि ते काढल्याची वेळ सगळ्यांची सहा.

ट्रफ म्हणजे पुढच्या डोसच्या अर्धा तास आधीचं रक्त, औषध सगळ्यात कमी असतं तेव्हाचं, हे तुला मी काय सांगणार. पण डोस चालू झाल्यावर रक्त काढलं आणि कागदावर सहा लिहिलं तर लॅबवाल्याला काय दिसणार गो? मशीन दाखवेल तो आकडा तो छापणार, डॉक्टर म्हणणार लेव्हल वाढलीय, डोस कमी करा, आणि इन्फेक्शन तिथल्या तिथे. तसंच ज्या हातात व्हॅन्को, म्हणजे व्हॅन्कोमायसिन अँटिबायोटिक, चाललंय त्याच लाइनीतून रक्त ओढायचं, कारण दुसरी शीर मिळत नाही. मग रिपोर्टमध्ये पेशंटचं रक्त कमी आणि नळीतलं औषधच जास्त. दुसऱ्या हातातून काढ, दोनदा टोचावं लागलं तरी चालेल, पेशंट शिव्या देईल तर देऊ दे.

आणि पंप ओरडला म्हणजे औषध संपलं असं नाही. मोठ्यांच्या सेटमध्ये 15-20 मिली सहज राहतं, 50 ची बाटली असेल तर तिसरा हिस्सा नळीतच. फ्लश केल्याशिवाय सेट काढू नकोस. व्हॅन्को 1 ग्रॅम तासाच्या आत कधी सोडू नकोस, तोंड-मान लाल होऊन पेशंट खाजवत सुटतो.

बघ, झालं परत लेक्चर सुरू. माफ कर. 2020 पासून नुसत्या ट्रफवर थांबत नाहीत, एयूसी, म्हणजे दिवसभरात रक्तात एकूण किती औषध राहिलं त्याचा हिशोब, काढतात, 400 ते 600 मध्ये ठेवतात, हे तर मला तूच शिकवलंस. त्या दिवशी बाबांना मी तीनदा सांगितलं, आमची बाय गणित करून डोस बघते म्हणून. पण त्या गणितात औषध कधी लावलं, कधी संपलं, रक्त कधी काढलं, सगळं घड्याळच ना? तिथे सगळ्यांचे सहाच वाजले असतील तर ते एयूसी कुणाचं निघणार?

मी एवढी का चिडले ते त्या दिवशी सांगितलं नाही. नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली, बाळांच्या वॉर्डात होते. एका बाळाला सलाईन तासाला 2 मिली चाललेलं, मी जेंटामायसिन अँटिबायोटिक नळीच्या वरच्या पोर्टमधून, औषध टोचायच्या तोंडातून, सोडलं कारण खालचा पोर्ट कपड्यात गुंडाळलेला. सिरिंज रिकामी झाली आणि मी घड्याळ न बघता चार्टवर वेळ टाकली, ओळीत बरी दिसेल अशी. पीकचं, म्हणजे औषध सगळ्यात जास्त असतं तेव्हाचं, रक्त गेलं, लेव्हल अगदीच कमी आली, डोस वाढवला. तिसऱ्या दिवशी आमच्या म्हाताऱ्या सिस्टरनी वरच्या पोर्टपासून बाळाच्या हातापर्यंत नळीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "औषध अजून वाटेतच आहे गो." नळीत 2 मिली, म्हणजे बाळापर्यंत पोचायलाच तास, आणि आम्ही रक्त अर्ध्या तासात काढत होतो. लेव्हल कमी नव्हतीच, फक्त उशिरा पोचत होती. डोस लगेच खाली आणला, बाळ बरं होऊन घरी पण गेलं. मला कुणी काही बोललं नाही, वेळ मी अंदाजाने टाकली होती हे कुणाला कळलंच नाही.

पुढे त्याला ऐकू येतं की नाही ते मात्र मला माहीत नाही. जेंटाने गेलेलं ऐकणं परत येत नाही, मामाचं तू बघतेसच. अजून डिचोलीच्या बाजारात एखादी बाई मुलाला दोनदा हाक मारते तेव्हा मी थांबून बघते, तो वळतो का. तो मुलगा आता केवढा झाला असेल, तरी मी लहान मुलांकडेच बघते, वेडीच मी.

तुझी ड्युटी मला ठाऊक आहे, एका सिस्टरला आठ पेशंट, सहाला सहाच्या सहा लेव्हल कोण काढणार. उशीर झाला तर होऊ दे, सहा चाळीस तर सहा चाळीस लिही, ओरडा बसला तर बसू दे. बस, आता परत नाही बोलणार.

मामाने काल विचारलं तुझं, मी ओरडून सांगितलं पुण्याला नीट पोचली, तर म्हणतो, "हां, इथे पण पाऊस आहे."

शेजारचा संदेश रविवारी रात्री निघतोय, त्याच्याकडे डबा देते. नेवऱ्या लगेच संपव, वॉर्डातल्या मुलींना पण दे. गाडी सातला पोचते म्हणालाय, म्हणजे तू आठ धर.

आई