खुलं पत्र: काँग्रेसमन साहेब, आम्हाला होल्डवरून कधी काढताय?

आदरणीय काँग्रेसमन साहेब,

सप्रेम नमस्कार. पत्र मराठीत आहे कारण इंग्रजीत लिहून बघितलं. टेक्सासच्या मतदारसंघांचा नकाशा मधेच का बदलला असं विचारलं होतं, तर तुमच्या, म्हणजे आमच्या अमेरिकेतल्या खासदाराच्या, ऑफिसकडून दोन पानी उत्तर आलं बॉर्डर सिक्युरिटीवर, खाली तुमची छापील सही. म्हटलं मराठीत लिहू, तुम्ही नाही तर निदान आपली माणसं तरी वाचतील.

निमित्त परवाच्या फोनचं. दिवाळीत तुम्ही आमच्या देवळात आला होतात, कपाळाला गंध, गळ्यात झेंडूचा हार, आणि माईकवरून शब्द दिलात की नवीन वर्षात समोरासमोर टाउन हॉल घेतो, कुणीही या, काहीही विचारा. आम्ही टाळ्या वाजवल्या, मी तर जरा जास्तच. आणि परवा काय, तर संध्याकाळी सातला फोन वाजला, माझे हात कणकेत, कोपराने स्पीकरवर टाकला तर रेकॉर्डेड आवाज की हाच तुमचा टाउन हॉल, प्रश्न असेल तर स्टार तीन दाबा. दाबलं. एक पोरगा लाइनवर आला, नाव काय, झिपकोड काय, प्रश्न काय. म्हटलं नकाशाबद्दल विचारायचंय. 'थँक यू मॅम' म्हणाला आणि होल्डवर टाकलं ते टाकलंच. तिकडे एक बाई विचारतायत की साहेब तुम्ही इतकी मेहनत कशी काय करता, एक गृहस्थ अंडी स्वस्त झाली म्हणून तुमचे आभार मानतायत. पोळ्या लाटून झाल्या, जेवणं झाली, फोन कट.

तुम्ही एकटेच असे नाही म्हणा. मार्च 2025 मध्ये तुमच्या रिपब्लिकन पार्टीच्या निवडणूक कमिटीचे प्रमुख रिचर्ड हडसन यांनीच खासदारांना सल्ला दिला होता की समोरासमोरचे टाउन हॉल टाळा. लोक येऊन ओरडतात म्हणे. मग काय आरती ओवाळतील?

साहेब, मी नागरिकत्वाची परीक्षा दिली तेव्हा शंभर प्रश्न घोकले होते. दहा विचारायचे, सहा बरोबर आले की पास. तेविसावा प्रश्न, तुमच्या भागाच्या खासदाराचं नाव सांगा. चौदावा, सरकारची एकच शाखा डोईजड होऊ नये म्हणून काय असतं? चेक्स अँड बॅलन्सेस, ऑफिसरसमोर खडाखडा बोलले. त्याच्या आधीची वर्षं कशी काढली ते काय सांगू तुम्हाला, एम.कॉम. झालेली बाई एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, घरात, नोकरीला बंदी, आमच्यासारख्यांना वर्क परमिट मिळायला लागलं तेच मुळी 2015 साली. वडील गेले तेव्हा व्हिसा स्टॅम्पिंगमध्ये अडकू म्हणून जाता आलं नाही, दहावा-तेरावा सगळं व्हिडिओ कॉलवर बघितलं. हे सोसलं कशासाठी, तर इथे कायदा मोठा, माणूस नाही, असं सगळे सांगायचे म्हणून.

आता नकाशा. टेक्सासच्या 38 जागा, त्यातल्या 25 आधीच तुमच्याकडे. नकाशा बदलतात दहा वर्षांनी, जनगणना झाली की. 2021 चा नकाशा तुमच्याच लोकांनी काढलेला, तोही पुरला नाही. ट्रम्प साहेब टीव्हीवर म्हणाले अजून पाच जागांवर आमचा हक्क आहे, आणि इकडे राजधानी ऑस्टिनमध्ये धावपळ. डेमोक्रॅट आमदार कोरम मोडायला, म्हणजे सभागृहाचं कामच चालू नये म्हणून, इलिनॉय राज्यात पळाले (ज्या इलिनॉयचा नकाशा स्वतः डेमोक्रॅट्सनी वेडावाकडा कापलाय, ते वेगळंच), त्यांच्यावर वॉरंट निघाली, गैरहजेरीचा दंड दिवसाला 500 डॉलर, आणि ऑगस्ट 2025 च्या शेवटी गव्हर्नर ॲबटनी सही करून टाकली. नोव्हेंबरमध्ये फेडरल कोर्टाने नकाशा अडवला, निकाल लिहिणारा जज खुद्द ट्रम्पनीच नेमलेला, तो म्हणाला यात वंश बघून रेषा ओढल्यात. डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल थांबवला, झालं, मार्च 2026 ची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक) नव्या नकाशावर. पक्षाच्या फायद्यासाठी रेषा ओढल्या तर फेडरल कोर्ट बघणारच नाही हे तर सुप्रीम कोर्टाने 2019 मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे पेपर काढणार हाच, परीक्षेला बसणार हाच आणि तपासणारही हाच.

मराठी वाचकाला हे नवीन नाही. प्रभाग रचना म्हटलं की आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतं कोणाचा वॉर्ड कोण खातंय. मुंबई महापालिकेत मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये, मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. मला वाटायचं हे फक्त आपल्याकडेच होतं. मग ह्यूस्टनचा 18 नंबरचा मतदारसंघ बघा, माझी मैत्रीण तिथे राहते. खासदार सिल्व्हेस्टर टर्नर मार्च 2025 मध्ये गेले. पोटनिवडणूक ठेवली नोव्हेंबरमध्ये, तिचा रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांतली दुसरी फेरी, थेट जानेवारी 2026 च्या शेवटाला. साधारण साडेसात लाख माणसांना जवळपास अकरा महिने खासदारच नाही! आणि त्याच काळात, मे महिन्यात, ट्रम्प साहेबांचं ते मोठ्ठं बिल हाउसमध्ये पास झालं 215 विरुद्ध 214. एका मताने. तुमच्या पार्टीतले एक जण तर झोप लागली म्हणून मत द्यायचे राहिले, तरी पास. मैत्रिणीच्या आईचं मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) त्या बिलाच्या कात्रीत येणार की नाही हे विचारायला ती फोन कुणाला लावणार होती? आणि जो निवडून आला त्याला लगेच मार्च 2026 मध्ये नव्या नकाशावर परत उभं राहावं लागलं.

बरं, खुर्चीत माणूस असला तरी काय करतो? 19 सप्टेंबर 2025, शुक्रवार संध्याकाळ, ट्रम्प साहेबांची एक सही झाली आणि एच-वनबीची, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या व्हिसाची, फी एक लाख डॉलर. बिल नाही, चर्चा नाही, मतदान नाही. माझा भाचा पितृपक्षात वडिलांचं श्राद्ध करायला पुण्याला गेला होता, कंपनीचा ईमेल आला की चोवीस तासांत परत या, पोरगं पानावरून उठलं आणि मिळेल त्या भावाने तिकीट काढून मुंबईला पळालं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउस म्हणतं हे फक्त नवीन अर्जांना आहे. तुम्ही तेव्हा काय केलंत? काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, अधिकार जातोय असं एकदा तरी म्हणालात? 2019 ला हाउडी मोदीला एनआरजी स्टेडियममध्ये पन्नास हजारांत मीही होते, दोन नेते हातात हात घालून फिरले तेव्हा ओरडून घसा बसला होता माझा, त्याचं हे फळ.

आणि भीती म्हणाल तर सगळ्यात जास्त भीती तुम्हा लोकांना वाटते. माझं माहेर कऱ्हाडचं. आणीबाणीत, 1975 चं साहित्य संमेलन आमच्या कऱ्हाडला झालं, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, स्वागताला केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश आजारी होते, त्यांच्यासाठी प्रार्थना करा असं बाईंनी भर संमेलनात सांगितलं. पुढे त्यांना अटकही झाली. एक लेखिका हो, मागे ना पक्ष ना पैसा. आणि तुम्ही दोनशेच्या वर खासदार, तुम्हाला ट्रम्प साहेबांच्या एका पोस्टची भीती! 6 जानेवारी 2021 ला ट्रम्प समर्थकांच्या दंगलीत कॅपिटलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, काचा फुटल्या, तुमचे लोक टेबलाखाली लपले आणि त्याच रात्री परत येऊन तुमच्या पार्टीच्या 147 जणांनी ट्रम्प हरल्याच्या निकालावर हरकत घेतली. तुमच्याच पार्टीची खासदार लिझ चेनी याविरुद्ध बोलली तर तिला प्रायमरीत पाडली. 2025 ला ट्रम्प साहेबांनी पहिल्याच दिवशी त्या दंगलीतल्या सुमारे पंधराशे लोकांना माफी देऊन टाकली, पोलिसांना झेंड्याच्या काठीने मारणारेसुद्धा सुटले. मग ऑगस्टमध्ये नोकऱ्यांचे आकडे वाईट आले तर आकडे मोजणाऱ्या खात्याच्या प्रमुख बाईंनाच काढलं. ताप आला की थर्मामीटर फोडायचा.

एकट्या ट्रम्पना तरी किती बोलायचं म्हणा. वायोमिंगमध्ये सहा लाख पण माणसं नाहीत, कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी, सिनेटर दोघांना दोन-दोनच. 2010 च्या सिटिझन्स युनायटेड निकालापासून कंपन्यांनी निवडणुकीत हवा तेवढा पैसा ओतायचा. तुम्ही टेक्सासात पाच जागा कापल्या तर कॅलिफोर्नियाने प्रॉप 50 हा नकाशा बदलायचा प्रस्ताव मतदानाला आणून तिकडच्या तुमच्या पाचांवर डोळा ठेवला, आणि आमच्या मंडळातले डेमोक्रॅट लोक पेढे वाटल्यासारखे मेसेज टाकत होते. अरे, मतदार तिकडचाही मेलाच ना!

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता 'नो पॉलिटिक्स' चा नियम आहे. नवरा म्हणतो, कशाला लिहितेस, जून 2025 मध्ये न्याय खात्याने मेमो काढलाय, नागरिकत्व काढून घ्यायच्या केसेसना प्राधान्य द्या म्हणून. मी म्हटलं खासदाराला पत्र लिहिणं हा गुन्हा आहे का? तो म्हणाला नाही, पण नाव नको टाकू. मी नाव नाही टाकलं. हे तुमच्या राज्यात होतंय साहेब, माझ्यासारखी भांडकुदळ बाई नाव टाकायला घाबरली.

मागण्या होत्या खऱ्या, सुरुवातीला तीनच लिहायच्या ठरवल्या होत्या. शाळेच्या कॅफेटेरियात टाउन हॉल घ्या, प्रश्न आधी न विचारता माईक द्या. नकाशे काढायला दोन्ही पक्षांच्या बाहेरचं कमिशन असावं असं बिल सगळ्या राज्यांसाठी आणा, कॅलिफोर्नियाचंही तोंड बंद होईल. आणि तुमच्या इथल्या ऑफिसचा व्हॉइसमेल बॉक्स दिवाळीपासून फुल आहे, तो तरी कुणाला तरी सांगून रिकामा करून घ्या.

आपली
(यापुढे कुणाची, ते नवा नकाशा बघून कळवते)
ह्यूस्टनजवळची एक मतदार