पोटातली हालचाल आणि एमआरआयची सुई

संपादक महाशय,

ओटीपोटाच्या एमआरआयची चित्रे नीट आली नाहीत, पुन्हा काढावी लागतील, असे सांगितले की रुग्ण स्वतःलाच दोष देतो. पुष्कळदा तो हललेलाच नसतो, हललेले असते त्याचे आतडे. टी-टूची, म्हणजे अवयवांची रचना बारकाईने दाखवणाऱ्या चित्रांची, एक मालिका घ्यायला तीन ते पाच मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात आतड्याच्या हालचालींच्या पुसट सावल्या चित्रभर उमटतात आणि एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची) गुदाशयाला चिकटलेली काही मिलिमीटरची गाठ त्यांत दडून जाते.

यावर आतडे काही वेळ शांत करणारे हायोसिन ब्युटिलब्रोमाइड, म्हणजे सर्वांच्या ओळखीचे बुस्कोपॅन, 20 मिलिग्रॅम शिरेतून सावकाश देतात. असर मिनिटाभरात सुरू होतो, पण साधारण 15-20 मिनिटांत ओसरूही लागतो. घोळ होतो तो इथेच. रुग्णाला बाहेर बाकावर सुई देऊन ठेवली, आधीची तपासणी लांबली, की तो मशीनमध्ये जाईपर्यंत औषधाचा जोर संपलेला असतो. सुई टेबलावरच द्यावी: कॉइल (अंगावरचे संकेत टिपणारे साधन) बांधून, सुरुवातीची जागा ठरवणारी चित्रे घेऊन, आणि लगेच टी-टू सुरू करावे. डिफ्यूजनचे, म्हणजे ऊतींतल्या पाण्याची हालचाल दाखवणारे, एकेक चित्र क्षणात टिपले जाते, ते मागाहून घेतले तरी चालते. घरून बुस्कोपॅनची गोळी घेऊन येण्याचा उपयोग नाही, ती रक्तात फारच थोडी उतरते.

गुदाशयातला वायूही या सुईने जात नाही. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीची डिफ्यूजन चित्रे वेडीवाकडी येतात ती बहुधा या वायूमुळे. त्यासाठी तपासणीआधी शौचाला जाऊन येणे जास्त कामाचे.

सरसकट सर्वांना सुई टोचणेही आम्हाला मान्य नाही. प्रोस्टेटच्या एमआरआयसाठीची पाय-रॅड्स 2.1 ही आंतरराष्ट्रीय नियमावलीसुद्धा काहींना फायदा होईल, अनेकांना गरज नसते, असेच सांगते. अरुंद कोनाचा काचबिंदू, मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकण्याचा आजार), हृदयाचे ठोके फार जलद पडणे, आतड्यात अडथळा, लघवी तुंबणे यांपैकी काही असेल तर हे औषध टाळावे. प्रोस्टेटच्या रुग्णाला लघवीचे हटकून विचारावे, कारण त्याचीच लघवी अडण्याचा धोका अधिक. हृदयविकार असल्यास डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय देऊ नये. ग्लुकागॉन 1 मिलिग्रॅम हा पर्याय आहे, मात्र ते महाग असून रक्तातली साखर वाढवते.

फॉर्मवर पेसमेकरचा प्रश्न असतोच. त्याच्या शेजारी हे प्रश्नही मुंबईतल्या प्रत्येक केंद्राने सोप्या मराठीत छापावेत, एवढी आमची कळकळीची विनंती आहे. तपासणीनंतर काही वेळ नजर धूसर राहू शकते. ती निवळेपर्यंत रुग्णाला बसवून ठेवावे. लगेच दुचाकी चालवू देऊ नये, की दादरच्या गर्दीत लोकल पकडायला धावू देऊ नये. आणि त्या दिवशी डोळा लाल होऊन दुखू लागला, तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे, हे घरी जाण्यापूर्वी नातेवाइकांच्या कानावर घालावे.

– एमआरआय विभागातील डॉक्टर व तंत्रज्ञ, मुंबई