हॉटेल ठरवण्याआधी

ओरान्येस्टाड, अरुबा

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या तिन्ही हॉटेलांच्या लिंक नीट पाहिल्या. फोनवर बोलायला बसलो की आई मधेच फोन घेते आणि विषय दुसरीकडे जातो, म्हणून सगळं एकदा लिहूनच पाठवतेय. इथल्या हॉटेलांच्या बुकिंगमध्ये रोज तेच तेच घोळ होताना दिसतात. तुमच्या बाबतीत त्यातला एकही व्हायला नको.

आधी बेट डोळ्यांसमोर आण. अरुबा जेमतेम ३२ किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद आहे. वारा वर्षभर पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्वेची आणि उत्तरेची बाजू खडकाळ, खवळलेली, तिथे पोहायचं नावही काढायचं नाही. सगळी मोठी हॉटेलं पश्चिमेच्या शांत किनाऱ्यावर आहेत. आतला भाग म्हणशील तर थेट माण-खटावचा माळ: निवडुंग, कोरफड, दगड. पाऊस वर्षाला अर्धा मीटरसुद्धा पडत नाही, आणि पडलाच तर बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत. बेट वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. म्हणून मे महिना निवडलास ते उत्तम केलंस. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हॉटेलांचे दर चढलेले असतात, नंतर उतरतात, आणि पोरांची सुट्टीही नेमकी तेव्हाच.

पश्चिम किनाऱ्यावर हॉटेलांच्या तीन वस्त्या आहेत. विमानतळाजवळ ओरान्येस्टाड शहर, त्याच्या उत्तरेला ईगल बीच आणि आणखी वर पाम बीच. विमानतळ ते पाम बीच म्हणजे टॅक्सीने वीस-पंचवीस मिनिटं. टॅक्सीला मीटर नसतो, भाडं सरकारने ठरवून दिलेलं असतं. बसण्याआधी आकडा विचारायचा, बस. अमेरिकी डॉलर सगळीकडे चालतात.

पाम बीचवर उंच इमारतींची रांग आहे. पहिलं उंच हॉटेल तिथे १९५९ मध्ये उभं राहिलं. पण खरी गर्दी नंतरची. १९८५ मध्ये सान निकोलासचा तेल शुद्धीकरण कारखाना बंद पडला, १९८६ मध्ये बेटाला नेदरलँड्सच्या राज्यातच वेगळा दर्जा मिळाला, आणि पोटापाण्यासाठी सगळा भर पर्यटनावर आला. आज मॅरियट, हयात, हिल्टन, बार्सेलो, रिऊ, रिट्झ-कार्लटन सगळे त्याच एका पट्ट्यात आहेत. या सगळ्यांत एक चांगली गोष्ट आहे: लिफ्टमधून उतरलं, तलाव ओलांडला की वाळू. मधे रस्ता नाही. पाणी उथळ आणि संथ. तोटा म्हणजे गर्दी, बोटींचा आवाज, आणि सकाळी नऊच्या सुमाराला लिफ्टसाठी थांबणं.

ईगल बीचचा किनारा याहून कितीतरी रुंद आणि शांत आहे, पाहताक्षणी मन निवतं. पण फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की तिथली बरीच हॉटेलं किनाऱ्यावर नसून किनाऱ्यासमोर आहेत. मधून वाहता रस्ता जातो. तू पाठवलेलं दुसरं हॉटेल त्यातलंच. आईच्या गुडघ्यांनी दिवसातून चार वेळा तो रस्ता ओलांडायचा, हातात टॉवेल, बरोबर चिनू, हे मला पटत नाही. शिवाय कमी उंचीच्या काही हॉटेलांत लिफ्ट नाही, आणि ‘दुसरा मजला’ म्हणजे जिनाच. ईगल बीचवर पाण्यात शिरल्यावर तळही लवकर खोल होतो, लाटही थोडी जास्त. ओवीला चालेल, चिनूला नाही. हॉटेल कुठे आहे ते वेबसाइटवरच्या फोटोवरून ठरवू नकोस. नकाशात उपग्रहाचं चित्र लाव आणि इमारत ते पाणी यांच्यामध्ये काय काय येतं ते बोटाने मोजून पाहा.

तिसरी लिंक शहरातल्या रेनेसान्सची. वहिनी, फ्लेमिंगोचे फोटो तुम्हाला आवडले असणार हे कळलं. पण त्या हॉटेलचा मुख्य किनारा हॉटेलजवळ नाही. खाजगी छोट्या बेटावर आहे, तिथे बोटीने जायचं. बोट थेट हॉटेलच्या लॉबीतून सुटते, ती गंमत पोरांना आवडेल हे खरं. तरी फ्लेमिंगोंच्या किनाऱ्यावर लहान मुलांना ठरावीक वेळातच सोडतात, आणि दर वेळी बोटीची वाट पाहायची म्हणजे आंघोळीला, औषधाला, झोपेला खोलीवर परतणं अवघड. दोघंच येत असाल तर जरूर राहा. आई-बाबांसकट सहा जणांना घेऊन नको.

आता पहिली लिंक, रिऊ. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ म्हणजे खाणं-पिणं सगळं त्यात, हिशोबाची कटकट नाही, असं तू म्हणालास. कटकट नाही हे खरं, पण पैसे कशाचे देतोस ते पाहा. दर माणशी लागतो आणि त्यात दारूचा मोठा वाटा असतो. तुमच्यात कोणीच घेत नाही. खोलीतल्या दोघांनी योजना घ्यायची आणि दोघांनी नाही, असंही चालत नाही. आणि आई, वहिनी शाकाहारी. बुफेत सॅलड, फळं, पाव, चीज, पास्ता भरपूर मिळेल, दोन दिवस छान वाटेल. तिसऱ्या दिवशी आई वरणभात मागेल. भात-राजम्यासारखं दिसणारं भांडं बिनधास्त वाढून घ्यायचं नाही, त्यात बऱ्याचदा मांसाचे तुकडे किंवा कोंबडीचं पाणी असतं. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासे चालतात असं समजणारेही भेटतात. म्हणून ‘मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, त्यांचं पाणीही नाही’ असं चार भागांत विचारायचं. इथल्या भाषेत, म्हणजे पापियामेंतोत, ‘मी नो ता कोमे कार्नी नी पिस्का’ म्हटलं की वाढणारा हसून आत जाऊन विचारून येतो. शेवटी ‘दांकी’ म्हणायचं, म्हणजे आभार.

म्हणून माझं मत सरळ आहे: स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. इथे आणि भारतात साडेनऊ तासांचा फरक आहे. पहिले तीन-चार दिवस बाबा पहाटे तीनला टक्क जागे असणार. त्या वेळी हॉटेलात चहा मिळत नाही आणि बाबांना गोळीआधी काहीतरी पोटात लागतं. घरात गॅस पेटवतो तसं उठून आधण ठेवता आलं पाहिजे.

इथली बरीच मोठी हॉटेलं टाइमशेअर पद्धतीची आहेत, म्हणजे लोकांनी आठवडे विकत घेतलेले असतात आणि रिकामे आठवडे भाड्याने निघतात. अशा ठिकाणी दोन बेडरूम, बैठक आणि पूर्ण स्वयंपाकघर मिळतं. तुमच्यासाठी दोनच नावं काढलीत. पाम बीचवर मॅरियट सर्फ क्लब, ज्याची दोन बेडरूमची जागा आठ जणांना पुरते आणि आत कपडे धुवायचं-वाळवायचं मशीनही असतं. पोरांसाठी संथ वाहणाऱ्या पाण्याचा गोल तलाव आहे, ट्यूबवर बसून फिरायचा. दुसरं ईगल बीचवर कोस्टा लिंडा. हे रस्त्याच्या अलीकडे, थेट वाळूवर आहे, म्हणून ईगल बीचबद्दलची माझी मुख्य तक्रार त्याला लागू नाही.

दोघांत मी सर्फ क्लब घ्या म्हणेन, पाणी उथळ आहे म्हणून. एकच अडचण आहे: तो पाम बीचच्या उत्तर टोकाकडे आहे आणि तिथे वारा जास्त लागतो. आईला बाल्कनीत बसून शांतपणे वाचायचं असेल तर डोक्याला रुमाल लागेल. सर्फ क्लब महाग पडला तर कोस्टा लिंडा डोळे झाकून घ्या आणि चिनूच्या पोहण्यासाठी एक दिवस गाडी करून बेबी बीचला जाऊ. तिथे खडकांच्या आडोशाने तळ्यासारखं पाणी साचलेलं असतं, आईसुद्धा कमरेएवढ्या पाण्यात निवांत बसेल. ईगल बीचवर मे महिन्यात कासवांचा हंगामही असतो. वेळासला ऑलिव्ह रिडले येतात, इथे लेदरबॅक अंडी घालायला येतात, ते खूपच मोठे. कुंपण घातलेली घरटी ओवीला दाखवायला मीच नेईन.

बुकिंग करताना पुढच्या गोष्टी लेखी घे, फोनवरच्या ‘येस सर’वर जाऊ नकोस. टाइमशेअरचा आठवडा शुक्रवार, शनिवार किंवा रविवारपासून मोजतात, म्हणून आधी जागा नक्की कर आणि मग विमानाचं तिकीट काढ. उलटं केलंस तर मधली एक रात्र लोंबकळते. मालकाकडून भाड्याने घेतलास तर हॉटेलच्या नोंदीत तुझं नाव चढवून घ्यायचं आणि ते चढल्याचं पत्र हॉटेलकडून आल्यावरच उरलेले पैसे द्यायचे. असे आठवडे बहुधा रद्द करता येत नाहीत, त्यामुळे बाबांच्या तब्येतीचा विचार करून प्रवासविमा त्याच दिवशी काढ. रोजची साफसफाई बहुधा नसते, किती दिवसांनी येतात तेही विचार.

खोलीच्या नावांत फसू नका. ‘ओशन फ्रंट’ म्हणजे समुद्र समोर. ‘ओशन व्ह्यू’ म्हणजे बाल्कनीतून मान वळवून दिसला तरी चालतो. ‘गार्डन’ किंवा ‘आयलंड व्ह्यू’ म्हणजे मागची बाजू, बहुतेक वेळा पार्किंग. किनारा पश्चिमेला असल्यामुळे समोरच्या खोल्यांवर दुपारभर ऊन तळपतं. तुम्ही दिवसभर बाहेर असाल, तेव्हा मागची बाजू घेऊन वाचलेल्या पैशांत एक दिवस जास्त राहा. दोन वेगळ्या खोल्या घ्यायची वेळ आलीच तर ‘कनेक्टिंग’ शब्द लेखी हवा, म्हणजे आतून दार. ‘अ‍ॅडजॉइनिंग’ म्हणजे नुसतं शेजारी. आईसाठी बाथरूममध्ये टब नको, सपाट शॉवर हवा. टबच्या कठड्यावरून ओला पाय उचलून बाहेर येतानाच माणसं पडतात.

दर पाहताना रात्रीचा आकडा सोडून दे आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावरची बेरीज पाहा. सरकारी कर, सेवाशुल्क आणि ‘रिसॉर्ट फी’ तिथे उगवतात, आणि स्वस्त वाटलेलं हॉटेल महागाला मागे टाकतं. वाळूवरच्या झापांच्या छत्र्यांना इथे पालापा म्हणतात. त्या कशा मिळतात तेही विचार: काही ठिकाणी सकाळी रांग, काही ठिकाणी आधी नोंदणी, काही ठिकाणी रोजचे पैसे. वेगळं भाडं असेल तर ते सात दिवसांनी गुणून तुलनेत धर. किनारे सगळे सार्वजनिक आहेत, कुठेही चालता येतं. छत्र्या-खुर्च्या मात्र ज्या हॉटेलच्या त्यांच्याच.

वहिनी, हे तुमच्यासाठी. वीज इथे १२७ व्होल्टची. आपला मिक्सर आणू नका, चालणारच नाही. मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त चपट्या दोन पट्ट्यांचा अ‍ॅडॅप्टर लागेल. छोटा कुकर आणा. पण शेगडी काचेची आहे की इंडक्शनची ते दादा हॉटेलला विचारून कळवेल, कारण इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. काचेची असेल तर बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, म्हणून दोन शिट्ट्यांनंतर कुकर बाजूला उचलून ठेवायचा. फोडणी देताना आधी पंखा लावा आणि बाल्कनीचं दार उघडा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आधी धुराचा भोंगा वाजेल. तूरडाळ, मसाले, पोहे पाकीटबंद आणा. तांदूळ, दूध, दही, भाजी इथे सुपर फूड किंवा लिंग अँड सन्समध्ये मिळते, पहिल्या दिवसाचं सामान मीच भरून ठेवीन. पाणी विकत घ्यायचं नाही. बेटाचं पाणी समुद्राचंच गोडं केलेलं असतं आणि नळाचं बेधडक पिता येतं. सनस्क्रीन घेताना डबीवर ऑक्सिबेन्झोन नाही ना ते पाहा, इथे त्यावर बंदी आहे.

आणि एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार: पोरांसाठी हवेच्या गाद्या, हंस, मोर काहीही आणायचं नाही. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी संथ दिसतं म्हणून आईबाप निर्धास्त असतात आणि तेवढ्यात गादी पोराला घेऊन आत सरकते. पाण्यात तरंगवणारं, अंगावर घट्ट बसणारं जॅकेट आणा, मापासाठी दोघांची वजनं कळवा.

लॉबीत किंवा रस्त्यावर कुणी फुकट नाश्ता, फुकट बोटीची सफर देऊ केली तर ‘दांकी’ म्हणून पुढे चालायचं. ते टाइमशेअर विकायचं बोलावणं असतं आणि अर्धा दिवस जातो.

दादा, आता तू एवढं कर. शुक्रवार, शनिवार, रविवार यांपैकी कुठल्या दिवशी पोहोचणं जमतंय ते या आठवड्यात कळव. मग दोन्ही ठिकाणची शेवटच्या पानावरची बेरीज काढून मला पाठव, मी तुलना करून सांगते. व्हिसाच्या कागदांत राहण्याच्या जागेचं पत्र लागेल, म्हणून उशीर नको. आईला सांग, बाल्कनीत तुळस नसली तरी कोरफड नक्की असेल. बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा.

आई-बाबांना नमस्कार, ओवी-चिनूला खूप लाड.

तुझी,
ताई नसलेली धाकटी