इनायत खानाची तसबीर

बॉस्टन

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

आप्पांच्या शेवटच्या आठवड्यात तू त्यांचे फोटो काढलेस, त्यावरून मी तुला फोनवर नको ते बोलले. वर्ष होत आलं, तो विषय आपण दोघांनीही टाळला. आज मीच काढते, कारण काल इथल्या फाइन आर्ट्स म्युझियमच्या संग्रहातलं एक चित्र पाहिलं.

जहांगीर बादशहाच्या दरबारातलं, १६१८च्या सुमाराचं रेखाटन. कागद जेमतेम पोस्टकार्डाएवढा. दरबारी तसबिरी कशा असतात तुला ठाऊक आहे: गळ्यात मोत्यांचे सर, कमरेला कट्यार, बादशहाच्या डोक्यामागे प्रभावळ. इथे यातलं काही नाही. इनायत खान नावाचा मर्जीतला सरदार लोडांना टेकवून बसवलाय. छाती उघडी, बरगड्या मोजाव्यात अशा.

दारू आणि अफूपायी तो खंगला होता. आग्र्याला जायची परवानगी हवी होती, म्हणून त्याला पालखीतून बादशहापुढे आणलं. जहांगीरने रोजनाम्यात लिहिलंय, की हाडांवर नुसती कातडी उरली होती आणि कुठल्या चित्रातसुद्धा त्याने असं रूप पाहिलं नव्हतं. त्याने चित्रकारांना तसबीर काढायला सांगितली, वाटखर्चाला २,००० रुपये दिले. दुसऱ्या दिवशी खान गेला.

हे वाचलं तेव्हा मला बादशहाचा रागच आला होता. मरणाऱ्या माणसाला कसलं चित्रासाठी बसवायचं!

पण रेघा पाहिल्या आणि राग टिकेना. लोड साध्या रेघांत उरकलेत. बरगड्या, खोल गेलेला गाल, काठीसारखे हात, इथे मात्र कुंचला थांबत थांबत फिरलाय. कुठे दया दाखवलेली नाही, कुठे झाकपाकही नाही. याच प्रसंगाचं रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. छापील प्रत पाहिली, सुंदरच आहे, पण त्यात नजर आधी रंगांवर जाते. मला रेखाटनच जवळचं वाटलं.

दादा, तूही आप्पांकडे असंच बघत होतास. मी इतक्या लांब होते, मला ते बघायचंच नव्हतं. चुकले मी.

फोटो ठेवलेस ना? चादरीवर ठेवलेल्या त्यांच्या हाताचा एक होता, तो आधी पाठव.

तुझी,
बेबी